सापडलं नाही, की शोधलंच नाही?

प्रति,
व्यवस्थापन मंडळ आणि वैद्यकीय संचालक
(रुग्णालयाचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. तुम्हाला कळेल.)

प्रत: गोव्यात पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा चालवणाऱ्या सर्वांना

विषय: प्रयोगशाळेच्या खिडकीवर लावलेली सूचना

महोदय,

तुमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीच्या काचेवर गेल्या महिन्यात एक कागद चिकटवलेला दिसला. मजकूर असा: ‘बाहेरगावी पाठवायच्या तपासण्यांचे नमुने येत्या १ तारखेपासून स्वीकारले जाणार नाहीत. नातेवाइकांनी आपली व्यवस्था आपण करावी.’ खाली शिक्का होता, सही नव्हती. मी भावाच्या नेहमीच्या रक्ततपासणीची पावती घ्यायला आले होते. कागद वाचता वाचता मी इतका वेळ उभी राहिले की मागच्या माणसाला ‘बाय, जरा पुढं सरा’ म्हणावं लागलं.

ही ‘आपली व्यवस्था’ म्हणजे काय असतं ते मी एकदा करून पाहिलं आहे, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता यावं असं उघड लिहिते आहे, कारण तुमच्या तक्रारपेटीत टाकलेल्या माझ्या दोन चिठ्ठ्यांना उत्तर आलेलं नाही.

मी फोंडा तालुक्यातल्या एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये माझं डावं मूत्रपिंड मी धाकट्या भावाला दिलं. शस्त्रक्रिया गोव्याबाहेर झाली, पुढची देखरेख तुमच्याकडे. भाऊ भजनात पखवाज वाजवतो. डायलिसिसच्या दोन वर्षांत त्याचा हात थांबला होता. मे महिन्यात त्याने पखवाजाला पुन्हा कणीक लावली तेव्हा आई देवघरात जाऊन बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्याच मे महिन्यात त्याची व्हॅलगॅनसायक्लोव्हिरची गोळी ठरलेले तीन महिने पूर्ण झाले म्हणून बंद झाली. ती कशासाठी होती हे तेव्हा आम्हाला नीट ठाऊक नव्हतं. ‘इन्फेक्शन होऊ नये म्हणून’ एवढंच.

२४ जूनला जुलाब सुरू झाले. पावसाचे दिवस, विहिरीचं पाणी गढूळ, कुणाच्याही घरी होतं तसं. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या आणि पाण्यात घालायच्या पुड्या दिल्या. आईने पेज सुरू केली. सहाव्या दिवशी त्याला उठवेना, तेव्हा तुमच्याकडे आणलं. वजन ५८ किलोवरून ५३ वर आलं होतं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, १.३ होतं, ते २.६ झालं. हा आकडा ऐकल्यावर माझा हात आपोआप माझ्या कुशीतल्या व्रणावर गेला. जे आटत होतं ते माझंच होतं ना.

इथून पुढे माझ्या तक्रारी. कुणा डॉक्टरांवर किंवा सिस्टरांवर माझा राग नाही. रात्री दोन वाजता चौथ्यांदा चादर बदलणाऱ्या सिस्टरचा चेहरा मी विसरलेले नाही. तक्रार आहे ती तुमच्या पद्धतीबद्दल.

पहिली तक्रार अहवालातल्या एका शब्दाबद्दल. शौचाची तपासणी दोनदा झाली, कल्चर एकदा. तिन्ही वेळा कागदावर ‘नॉर्मल’, ‘रोगजनक जंतू वाढले नाहीत’. ते कागद दाखवून आम्हाला सांगितलं गेलं की संसर्ग नाही. आता, कल्चरच्या ताटलीत जिवाणू वाढतात. विषाणू त्या ताटलीत कधीच वाढणार नाही, महिनाभर ठेवली तरी. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही तो दिसत नाही. १९६८ साली अमेरिकेत नॉरवॉक गावच्या एका शाळेत मुलांना उलट्या-जुलाब झाले, त्याचं कारण असलेला विषाणू दिसायला १९७२ उजाडलं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागला. लहान मुलांच्या जुलाबांमागचा रोटा विषाणू सापडला १९७३ मध्ये, तोही तसाच. हे मला कुणी शिकवलेलं नाही. रात्री खाटेजवळच्या स्टुलावर बसून मोबाईलवर वाचलेलं आहे. तुमच्या प्रयोगशाळेला मात्र ते पाठ असणार. मग तुमच्या कागदावर एक ओळ का नसते, की या तपासणीत विषाणू शोधलेले नाहीत?

आमच्या पतसंस्थेत एखादं खातं तपासायचं राहिलं तर त्यापुढे ‘तपासणी बाकी’ लिहितात. ‘शिल्लक निरंक’ असं कुणी लिहिलं, तर लेखापरीक्षक त्याला खुर्चीत बसू देणार नाही. तुम्ही माझ्या भावाच्या बाबतीत तीन आठवडे ‘निरंक’ लिहीत होता.

दुसरी तक्रार तुमच्या तपासणीच्या फॉर्मबद्दल. त्यावर नाव, वय, स्त्री की पुरुष, खाट क्रमांक आणि पैसे भरले की नाही, एवढ्यासाठी रकाने आहेत. हा माणूस टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट घेतो, म्हणजे त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली आहे, हे लिहायला जागाच नाही. धडधाकट माणसाला विषाणूचे जुलाब झाले तर ते चार दिवसांत आपोआप थांबतात. त्याच्यासाठी महागड्या तपासण्या करू नयेत, हे मलाही पटतं. तुमची पद्धत त्या माणसासाठी बरोबरच आहे. पण प्रत्यारोपण झालेला, केमो घेणारा, आतड्याच्या किंवा सांध्याच्या आजारासाठी महिनोन् महिने स्टिरॉइडवर असलेला, एचआयव्हीत सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, खूप खाली गेलेला, अशा माणसाचं गणित वेगळं आहे. नॉरवॉकवरून ज्याला नाव मिळालं तो नोरोविषाणू अशा शरीरात महिनोन् महिने मुक्काम करू शकतो. अ‍ॅडेनोविषाणू, जो एरवी पोरांना ताप आणि खोकला देतो, तो आतड्यापासून यकृतापर्यंत जाऊ शकतो. आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी नेहमीच्या तपासणीत निसटतात. त्यांच्यासाठी वेगळा रंग लावून काच पाहावी लागते, आणि ती पाहा असं कुणीतरी सांगावं लागतं. फॉर्मवर रकानाच नसेल तर सांगणार कुठे?

पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी मायकोफेनोलेटचा डोस निम्मा केला. हे औषध स्वतःच जुलाब करतं, तेव्हा तो विचार योग्यच होता. पण जुलाब काही थांबले नाहीत. दुसरीकडे जुलाबांमुळे टॅक्रोलिमस रक्तात जास्त शोषलं जाऊ लागलं, त्याची पातळी चढली, आणि चढलेलं टॅक्रोलिमस मूत्रपिंडालाच त्रास देतं. म्हणजे एक औषध कमी केल्यामुळे शरीर मूत्रपिंड नाकारील ही भीती, आणि दुसरं वाढल्यामुळे ते मूत्रपिंड होरपळतंय ही भीती. मधे मूळ कारणाचा पत्ता नाही. असे आठ दिवस गेले.

मग रक्तात सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलो विषाणू आहे का, हे पाहायचं ठरलं. ती नळी तुम्ही बाहेरगावी पाठवलीत. अहवाल सहा दिवसांनी आला: आढळला नाही. इथे माझी तिसरी तक्रार. त्या कागदावरून सीएमव्हीचा विषय मिटवला गेला. पण आतड्यातल्या सीएमव्हीचं हेच तर कुलंगडं आहे. विषाणू आतड्याच्या पेशींत घर करून बसलेला असतो आणि रक्तात त्याचा माग नसतो, असं होतं. रक्तात सापडला तर संशय बळावतो, पण नाही सापडला म्हणून सुटका होत नाही. शौचाच्या नमुन्यात एकाच वेळी अनेक जंतू शोधणारी जी नवी पीसीआर तपासणी आता मोठ्या शहरांत होते, तिच्यात नोरो आणि रोटा असतात, सीएमव्ही सहसा नसतोच. पक्कं निदान आतड्याचा तुकडा काढून, त्या तुकड्यातच होतं.

हा विषाणू तसा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो आणि कळतही नाही. मग तो जन्मभर अंगात झोपून राहतो. शस्त्रक्रियेआधी आम्हा दोघांच्या रक्तात त्याच्या जुन्या खुणा सापडल्या होत्या. व्हॅलगॅनसायक्लोव्हिर ही त्याच्याच प्रतिबंधाची गोळी. ती थांबल्यावर पुढच्या काही महिन्यांत तो जागा होणं हे प्रत्यारोपणाच्या पुस्तकात लिहिलेलंच असतं. आमच्याकडे मे आणि जून, तारखा अगदी तशाच. तो भावाच्या शरीरातलाच जागा झाला, की माझ्या मूत्रपिंडाबरोबर माझ्याकडून गेला, हे कुणी सांगू शकत नाही. मी विचारलं होतं. एका तरुण डॉक्टरांनी ‘ताई, हे मनात आणू नका’ एवढंच म्हटलं. मी अजूनही कधी कधी आणते.

चौथी तक्रार सगळ्यांत मोठी. १२ जुलैला दुर्बिणीतून आतडं तपासलं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला व्रण दिसले. दोन तुकडे काढले. अहवाल आला, ‘अविशिष्ट दाह’. म्हणजे आतडं सुजलं आहे, का ते माहीत नाही. ते आईलाही माहीत होतं.

नंतर मला कळलं की व्रणाच्या तळातून आणि कडेवरून असे दोन्हीकडून पुष्कळ तुकडे घ्यायला हवेत. सीएमव्ही तळाशी, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात बसतो. त्याचाच भाऊबंद नागिणीच्या कुळातला हर्पीस विषाणू कडेच्या पेशींत सापडतो. तुकडे दोनच असतील तर सीएमव्ही निसटणं सोपं. सीएमव्हीने धरलेली पेशी फुगते आणि तिच्या केंद्रकात काळपट डाग पडतो, भोवती पांढरं वलय. पॅथॉलॉजीवाले त्याला घुबडाचा डोळा म्हणतात. (आमच्याकडे घुबड दिसलं की लोक तोंड फिरवतात. आम्ही तेवढे दिवस घुबड दिसावं म्हणून देवाला सांगत होतो.) पण हा डोळा प्रत्येक तुकड्यात दिसत नाही. त्यासाठी तुकड्यावर विषाणूला नेमकं चिकटणारं रंगद्रव्य लावावं लागतं, इम्युनो म्हणतात त्याला. ते लावलं गेलं नाही. का? काच पाहणाऱ्या डॉक्टरांपर्यंत ‘हा प्रत्यारोपणाचा रुग्ण आहे’ हे पोचलंच नव्हतं. बायोप्सीच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत कारण लिहिलं होतं, ‘जुलाब’. बस्स.

१६ तारखेला त्याच तरुण डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की मेणातला तुकडा प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो, तो मागून घ्या आणि बाहेर इम्युनो करून घ्या. मी खिडकीवर अर्ज दिला. अर्ध्या तासाने एका कागदी पाकिटात तो माझ्या हातात आला. काड्यापेटीहून लहान, प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटीत पांढरं मेण, आणि मेणात तिळाएवढे दोन करडे ठिपके. ‘उन्हात ठेवू नका,’ एवढी सूचना मिळाली. जुलैत गोव्यात ऊन कुठलं!

पेडण्याच्या बोगद्यात आठवड्यापूर्वीच पाणी शिरून गाड्या बंद पडल्या होत्या, रेल्वेचा भरवसा नव्हता. रात्रीची बस धरली. तो ठोकळा मी डब्यात, डबा पर्समध्ये, आणि पर्स पदराखाली धरून बसले होते. १७ जुलैची सकाळ, आषाढी एकादशी, त्यात मोहरमची सुट्टी. मुंबईतल्या त्या प्रयोगशाळेची खिडकी उघडी होती. समोरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. त्यावर पहिल्या पानावरच एक चौकोन होता: प्रत्यारोपण / केमोथेरपी / एचआयव्ही / स्टिरॉइड / इतर. मी ‘प्रत्यारोपण’वर खूण केली आणि तिथेच मला रडू आलं. तिला वाटलं उपासाने चक्कर आली, तिने पाणी दिलं.

२० जुलैला अहवाल मोबाईलवर आला: सीएमव्ही, सकारात्मक. जुलाब सुरू झाल्यापासून २६ दिवस. उत्तर तुमच्याच कपाटात, तुमच्याच मेणात होतं.

त्याच रात्री गॅनसायक्लोव्हिर शिरेतून सुरू झालं, बारा-बारा तासांनी. या औषधाने पांढऱ्या पेशी खाली येतात म्हणून सारखं रक्त काढावं लागे, पण पाचव्या दिवशी तो पेजेनंतर ‘भात आहे का?’ म्हणाला. नंतर गोळ्या. चवथीला तो घरी होता. गणपतीवरची माटोळी बांधायला शिडीवर चढू दिला नाही, एवढंच. क्रिएटिनिन १.६ वर थांबलं आहे, १.३ वर परत गेलेलं नाही. उरलेल्या फरकाचा हिशेब कुणाकडे मागायचा?

एक छोटी तक्रार राहिली. भावाच्या शेजारच्या खाटेवर पेडण्याचे एक काका होते. रक्ताच्या कर्करोगासाठी केमो चाललेली, तेही जुलाबांनीच बेजार. त्यांना नेमकं काय झालं होतं ते त्यांनाही कळलं नाही, कारण कुणी शोधलंच नाही. प्रत्येक खाटेला सॅनिटायझरची बाटली टांगलेली होती, आणि बेसिनवरचा साबणाचा डबा मी होते तेवढे दिवस रिकामा होता. नोरोविषाणूवर त्या सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही. साबण, वाहतं पाणी आणि फरशीला ब्लीचिंग, हे लागतं. साबणाला बाहेरगावची प्रयोगशाळा लागत नाही.

आता त्या सूचनेकडे येते. त्या वेळी निदान रक्ताची नळी तरी तुम्ही पाठवलीत. यापुढे तीही नातेवाइकाने बर्फात घालून न्यायची. मला पगारी रजा मिळाली, मुंबईत चुलत बहीण होती, मोबाईलवर वाचता येत होतं. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरून आलेल्या म्हाताऱ्या आईने काय करायचं? तिला ‘इम्युनो’ हा शब्द जिन्यात कोण सांगणार? आणि २०२० पासून तुमच्याकडे पीसीआरचं यंत्र आहे. कोविडमध्ये आम्ही सगळ्यांनी त्यासाठी नाकात काडी घालून घेतली आहे. रक्तातला सीएमव्ही मोजायला त्याच जातीचं यंत्र लागतं, फक्त किट वेगळं आणि ते चालवणारा शिकवलेला माणूस. ते जमेपर्यंत नमुने पाठवणं बंद करणं म्हणजे साकव बांधण्याआधी होडी काढून घेणं. ज्या गोव्यात १८४२ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली, तिथे १८० वर्षं उलटून गेल्यावर आतड्याचा तुकडा पर्समध्ये घालून मुंबईला न्यावा लागतो, हे लिहिताना मला लाज वाटते. तुम्हालाही वाटावी.

माझ्या मागण्या:

१. ती सूचना काढा. नमुने पाठवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. खर्च घ्या, पण पावती द्या आणि अहवाल किती दिवसांत येईल ते लिहून द्या.

२. तपासणीच्या आणि बायोप्सीच्या फॉर्मवर ‘प्रतिकारशक्ती कमी असल्याचं कारण’ हा रकाना छापा. तो रिकामा असेल तर नमुना घेऊ नका.

३. शौचाच्या प्रत्येक अहवालाखाली छापा: ‘या तपासणीत विषाणू शोधले जात नाहीत.’ याला शाईपलीकडे खर्च नाही.

४. अशा रुग्णाचे जुलाब किती दिवस चालले की कोणत्या तपासण्या करायच्या, दुर्बीण कधी घालायची, तुकडे किती आणि कुठून घ्यायचे, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावं. मी ठरवणारी कोण? पण ठरलेलं लिहून वॉर्डात लावा, म्हणजे रात्रपाळीच्या नव्या डॉक्टरांना अंदाज बांधत बसावं लागणार नाही. आणि या रुग्णांच्या आतड्याच्या तुकड्यावर इम्युनो करायचं, कुणी मागितलं नाही तरी.

५. साबण.

या पत्राचं लेखी उत्तर मला ३० दिवसांत हवं आहे. तारीख मी डायरीत लिहून ठेवली आहे, सवयच आहे तशी.

आणि एक राहिलं. तो मेणाचा ठोकळा तुमच्या मालकीचा. काम झाल्यावर मी तो ५ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी सव्वातीन वाजता तुमच्या खिडकीवर परत आणून दिला. त्याची पोच मला अजून मिळालेली नाही.

आपली,
एका रुग्णाची बहीण
फोंडा तालुका, गोवा